अखोर नावाची जागा

आमच्या पाड्यावर चौदा घरं, आणि चौदाही घरं येशूची. हरसूलच्या बाजारातून आमच्याकडे यायला दोन तास चालावं लागे आणि एकच ओहोळ दोनदा ओलांडावा लागे. धर्म बदलला की माणसाचं सगळं बदलतं असं खाली शहरातल्या लोकांना वाटतं. आमचं फारसं काही बदललं नव्हतं. नागली तीच, वरई तीच, भात कापून झाला की बिऱ्हाड डोक्यावर घेऊन जगायला खाली उतरणं तेच. जगायला जाणं म्हणजे मजुरीला जाणं. आमच्याकडे त्याला दुसरा शब्दच नाही. बदललं ते एवढंच, की आढ्याला टांगलेली देवांची टोपली गेली आणि नावं बदलली. माझा बा पांडूचा पौलस झाला. आई सखीची रूथ झाली. मी तेव्हा चार वर्षांची होते, माझं मार्था झालं. माझं आधीचं नाव काय होतं ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. लहान मूल किती गोष्टी विचारतच नाही, याचं मला आता नवल वाटतं.

घर कारवीच्या कुडाचं, आतून बाहेरून शेणानं लिंपलेलं. खोली एकच. निम्मीत आम्ही, निम्मीत दोन बैल आणि एक गाय, मध्ये कमरेएवढ्या उंचीवर आडवी बल्ली. गुरं रवंथ करतात त्या आवाजावर मी वाढले. आता सिमेंटच्या खोलीत राहते, इथे पंख्याचा आवाज असतो, तो काही खरा आवाज नव्हे. आई दिवस उजाडायच्या आत जात्यावर बसायची. नागलीची भाकरी, उडीद भाजून भरडून केलेलं भुजं, खुरासणीची चटणी, पावसाळ्यात ओहोळातले खेकडे. खेकड्यांचे पाय ती पाट्यावर वाटून, पाण्यात गाळून त्याचा रस्सा करायची; एवढा पातळ की भाकरी बुडवली की विरघळायची, आणि एवढा तिखट की बा जेवताना नाक पुसत राहायचा. जेवण तयार झालं की आम्हाला वाढायच्या आधी ती भाकरीचा एक तुकडा आणि दोन शितं चुलीमागच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवायची. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "मुंग्यांना. त्यांना घातलं म्हणजे पिठात येत नाय." मला पटलं. मुंग्या यायच्याच की.

बाच्याकडे मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चचं, एक काम होतं. प्रार्थनाघराबाहेर आंब्याच्या फांदीला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, त्यावर तो लोखंडी खिळ्यानं ठोके द्यायचा. रविवारी सकाळी तीनदा, कोणी मेलं तर सावकाश, आग लागली तर भरभर. प्रार्थनाघर झाडायचं, कंदिलाच्या काचा पुसायच्या, आणि प्रभुभोजनाचा प्याला पेटीत ठेवायचा, हेही त्याच्याकडेच. प्याला पितळेचा, आतून कल्हई केलेला, नाशिकच्या कुठल्याशा जुन्या मंडळीनं दिलेला. महिन्यातून एकदा नाशिकहून पाळकसाहेब जीपनं येत आणि त्या प्याल्यातून आम्हाला काळ्या मनुकांचा रस पाजत. माणशी एक घोट. बाकीच्या रविवारी शमुवेल मास्तर उपासना घेत.

मास्तरांबद्दल आधीच सांगून ठेवते, ते वाईट नव्हते. आमच्याच जातीचे, आमच्यासारखेच काळे आणि हडकुळे. लहानपणी नाशिकला बोर्डिंगात राहून सातवी झालेले. पाड्यावर सातवी झालेला तोच एक माणूस. माझी शाळा चौथीनंतर सुटली, कारण पाचवी हरसूलला होती आणि गुरांकडे बघायला कोणी नव्हतं. पण नंतर दोन वर्षं मास्तरांनी मला पवित्र शास्त्रावर बोट ठेवून वाचायला लावलं, म्हणून मी आज वाचू शकते. पुढे जे झालं ते याच माणसानं केलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

त्या वर्षी भात कापणीला आला होता. एका शनिवारी बा पेटी पुसायला गेला आणि प्याला नव्हता. त्यानं पेटी उपडी केली, प्रार्थनाघरातली चटई उचलली, मागच्या कारवीत शोधलं. मग येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "मास्तरला सांग लगेच. उद्यापर्यंत थांबलास तर तुझ्यावर येईल." बा गेला, सांगितलं, आणि तरीही त्याच्यावर आलंच. कोणी तोंडावर बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी तो ठोके द्यायला गेला तर लोक आधीच येऊन बसले होते, त्याच्याकडे न बघता.

त्या रविवारी मास्तरांनी यहोशवाचं पुस्तक उघडलं आणि आखानाची गोष्ट वाचली. मी ती तेव्हा पहिल्यांदा ऐकली. इस्राएल लोकांनी एक गाव जिंकलं, देवानं सांगितलं होतं की तिथल्या कशालाही हात लावायचा नाही. आखान नावाच्या माणसानं एक झगा, थोडी चांदी आणि सोनं उचललं आणि आपल्या तंबूत जमिनीखाली पुरून ठेवलं. मग पुढच्या लढाईत लोकांचा पराभव झाला. चोर कोण ते कळेना. तेव्हा सगळ्यांना उभं करून आधी वंश, मग कूळ, मग घर, मग माणूस असं निवडत निवडत देवानं आखानावर बोट ठेवलं. तंबू खणला, चांदी निघाली. त्याला, त्याच्या मुलांना, त्याच्या मुलींना, बैल, गाढवं, मेंढरं, सगळ्यांना खोऱ्यात नेऊन दगडांनी मारलं. वर दगडांची रास केली. त्या जागेला नाव दिलं अखोर. मास्तरांनी पुस्तक मिटून सांगितलं, "ही इब्री भाषा. अखोर म्हणजे संकट. लोकांवर ज्यानं संकट आणलं त्याच्या जागेचं नाव."

मी 'मुलींना' या शब्दावर अडकले होते. पुढचं मी ऐकलंच नाही. आखानानं चोरी केली, ठीक आहे, त्याला मारलं. मुलींनी काय केलं होतं? त्यांना माहीत तरी होतं का खाली काय पुरलंय? शेजारी आई बसली होती, तिला विचारणार तेवढ्यात मास्तर म्हणाले, "आपण पण तसंच करू. देवाला विचारू. चिठ्ठ्या टाकू."

कोणी हरकत घेतली नाही. उलट लोकांना बरं वाटलं. संशय घेणं हे वाईट काम, ते आता देव करणार होता. मास्तरीणबाईंनी वहीचा कागद फाडला, मास्तरांनी चौदा घरांची नावं लिहिली, स्वतःच्या घराचंही लिहिलं, हे मला आठवतं. घड्या करून चिठ्ठ्या नागली पाखडायच्या सुपात टाकल्या. प्रार्थना झाली. मास्तरीणबाईंनी डोळे मिटून एक उचलली आणि मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी वाचली, पुन्हा वाचली, आणि बाच्याकडे बघून म्हणाले, "पौलस."

आपल्या घराचं नाव असं पुकारलं जाणं म्हणजे काय असतं ते सांगता येत नाही. मला एवढंच कळत होतं की गोष्टीतली पुढची पायरी आता माणूस. आमच्या घरात माणसं तीन. तीन चिठ्ठ्या सुपात पडल्या. मी मनात म्हणत होते, बाची नको, आईची नको. माझी आली तरी चालेल असं मात्र मी म्हटलं नाही, हे लिहायला हवं. मास्तरीणबाईंनी उचलली. या वेळी मास्तरांनी एकदाच वाचली. "रूथ."

आई उठून उभी राहिली. घाबरली असेल असं मला वाटलं होतं, पण तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. म्हणाली, "प्याला मी नाय घेतला."

"मग घर बघू दे," मास्तर म्हणाले.

"बघा. पेटारा बघा, कणगी बघा, गोठा बघा." मग तिनं जे म्हटलं ते तिनं म्हणायला नको होतं. "चुलीपाशी खणू नका."

सगळा पाडा आमच्या घरी आला. आत मावले नाहीत म्हणून अर्धे कुडाला डोळे लावून उभे राहिले. मास्तरांनी पहार बाच्या हातात दिली. बानं ती घेतली. मी आयुष्यात त्याला किती कामं करताना पाहिलं, पण त्या दिवशी तो जसा खणत होता तसं कधी पाहिलं नाही. हळूहळू, जणू खाली कोणी झोपलंय. चुलीमागे, जिथे आई मुंग्यांना घालायची, बरोबर तिथे वीतभर खाली पहार टणकन वाजली. मलमाची एक गंजलेली डबी निघाली, मेणकापडात गुंडाळलेली. मास्तरांनी ती उघडली. आत चांदीचा एक टाक होता, अंगठ्याच्या नखाएवढा, काळा पडलेला, त्यावर ठोकून काढलेली एक बाई. वर कडी, गळ्यात ओवायला.

बाहेरून कोणीतरी म्हणालं, "चांदी."

मला वाटलं होतं आता ओरडतील, दगड उचलतील. मी दगडांचीच वाट बघत होते. पण बायका एकमेकींकडे बघत होत्या आणि मग सगळ्या मिळून माझ्याकडे बघायला लागल्या. शेजारची एस्तेरकाकू पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं, ही जनी. अजून ठेवली व्हय तू."

मी म्हटलं, "जनी कोण?"

मास्तर टाकाकडे बघत राहिले. बा पहारीवर हात ठेवून खड्ड्यात बघत राहिला. शेवटी आईच बोलली, जसं 'पाणी भरून ठेव' म्हणावं तशी. "तुझी आई. तू दहा दिवसांची व्हतीस तवा गेली."

मला हे अजून समजत नाही, की चौदा घरांनी ही गोष्ट माझ्यापासून कशी लपवून ठेवली. आमच्या पाड्यावर कोणाच्या घरी बोंबील भाजले हे खालच्या टोकाला कळायचं. पोरापोरींची भांडणं होत, आम्ही एकमेकांच्या आईबापाचा उद्धार करत असू, बैलाच्या नावानंसुद्धा शिव्या देत असू. ही शिवी मला कोणी कधी दिली नाही. नंतर कळलं, बा मला कडेवर घेऊन पेठच्या बाजूनं इथे आला, सखीशी पाट लावला, आणि ती प्रत्येक घरी जाऊन पदर पसरून म्हणाली होती, पोरीला सांगू नका. मोठ्यांनी पोरांना दम दिला होता. म्हणजे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. ज्यांच्याबरोबर मी करवंदं वेचायला जायचे त्या पोरींनासुद्धा.

ज्यांना हा रिवाज माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बायको मेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, तर दुसरीनं मेलेल्या सवतीचा टाक करून गळ्यात घालायचा. पहिला घास तिला दाखवायचा, नवं लुगडं आधी तिला लावून मग नेसायचं. म्हणजे ती रागावत नाही, मुलांना त्रास देत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी मास्तरांनी सगळ्यांच्या गळ्यातलं काढून ओहोळाच्या डोहात टाकायला लावलं होतं. आईनं एक खडा टाकला आणि टाक पुरला.

मास्तर सावरले. ते म्हणाले, "प्याला निघाला नाय, पण देवानं दाखवायचं ते दाखवलं. मंडळीच्या मधोमध मूर्ती पुरलेली. रूथ, हे डोहात टाक आणि रविवारी सगळ्यांसमोर क्षमा माग. मिटलं."

"नाय टाकणार."

"का?"

"तिची पोर मी ठेवून घेतली. मग तिला दोन शितं नको?"

"ती मेली, रूथ. ती तुझी शितं खात नाय. मुंग्या खातात."

"मग मुंग्या खातात," आई म्हणाली. "त्यात तुझं काय गेलं, शमुवेल?"

बायकांमधून कोणीतरी हसलं. मला वाटतं त्या हसण्यानंच घात केला. मास्तरांना मंडळीसमोर कोणी नुसतं शमुवेल म्हणत नसे. ते बाहेर गेले आणि अंगणात उभं राहून त्यांनी ठरवून टाकलं. मारायचं नाही, आपण येशूच्या कृपेखालचे लोक आहोत. पण खूण राहिली पाहिजे. प्रत्येक घरानं एक दगड आणून या अंगणात ठेवायचा. पौलस यापुढे ठोके देणार नाही. आणि या जागेचं नाव अखोर.

ते आले. दुपारभर एकेक घर येत होतं. मी दारात बसून बघत होते, आणि आजही मला त्या दुपारचा धक्का बसतो तो कोणी रागानं आलं नाही म्हणून. दगड फेकले असते तर मला समजलं असतं. ते ठेवत होते. जपून, आवाज होणार नाही असे. एक आजोबा आपला दगड घरंगळला म्हणून पुन्हा नीट बसवायला वाकले. एस्तेरकाकूनं ठेवला आणि तिथूनच आत डोकावून म्हणाली, "रूथ, इस्तू दे गं जरा. सकाळपासनं चूल विझलीय या भानगडीत." आईनं चुलीतले दोन निखारे खापरीवर घालून तिला दिले. ती घेऊन गेली. तेरा दगड झाले.

त्यानंतर ते नावच पडलं. मुद्दाम चिडवायला नव्हे, ते असतं तर विसरले असते. सोयीचं म्हणून. "गाय कुठं दिसली का?" "अखोराकडं गेली." "अखोराच्या वरच्या अंगाला करटोली लागली." अर्थ कोणाच्या ध्यानात नव्हता. माझ्या होता. आपण 'संकट' नावाच्या जागी राहतो हे मला रोज उठल्या उठल्या कळायचं.

महिनाअखेर पाळकसाहेबांची जीप आली. ते उतरले, मफलर सोडला, पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि बाच्या हातात दिलं. प्याला. लख्ख. "गेल्या खेपेला आत हिरवा पडलेला दिसला म्हणून नेला कल्हईला," ते म्हणाले. "सांगायचं राहिलं वाटतं. ठोके का नाही दिले अजून?"

मी मास्तरांकडे बघितलं, ते प्याल्याकडे बघत होते. शेवटी मास्तरीणबाईंनीच सगळं सांगितलं. पाळकसाहेब आधी हसायला लागले, मग आमचं अंगण बघून थांबले. "कोणी सांगितलं होतं हे?" एवढंच म्हणाले. मला वाटलं आता दगड उचलायला लावतील. पण लोकांचं म्हणणं तयार होतं. प्याला चोरीला गेलाच नव्हता हे खरं, पण चिठ्ठी रूथचीच आली आणि जमिनीखाली चांदी निघालीच ना? मग चिठ्ठी खोटी कशी? पाळकसाहेब म्हणाले, "बाईंनी ते टाकून द्यावं, मग बघू." चहा पिऊन गेले. चोरी झाली नव्हती आणि तरी चोर सापडला होता, आणि शिकलेल्या माणसालासुद्धा यात काही वावगं दिसलं नाही.

घरात मी आईशी बोलेनाशी झाले होते. बोलायचे, पण तिला हाक मारत नव्हते. 'भाकर दे', 'गुरं सोडली', एवढंच. ती मेलेली माझी आई, मग ही कोण, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. एकदा मी टाक हातात घेऊन बराच वेळ बघितला. त्यावरच्या बाईला नाकडोळे नव्हते, नुसते ठोके. आईनं ते पाहिलं. ती मला पहिल्यासारखीच ओरडायची, केस ओढून वेणी घालायची, पहिल्यासारखाच खेकड्याचा मोठा आकडा, म्हणजे नांगी, माझ्या ताटात टाकायची. तिला बदलायचं सुचलंच नसावं. टाक तिनं आता उघड गळ्यात घातला होता.

भात झोडून झाला आणि आम्ही त्या वर्षी लवकर उतरलो. पाड्यावरचे लोक द्राक्षाच्या बागांवर जात, बा म्हणाला आपण दुसरीकडे जाऊ. एकलहऱ्याला वीजकेंद्राच्या राखेपासून विटा करतात, तिथे काम मिळालं. तिथे सगळं राखेचं. ताडपत्रीच्या झोपडीवर राख, भाकरीवर राख, आईच्या भुवयांवर राख. भट्टीला लागून चार महिने आम्ही तिघांनी असे काढले, की शेजारच्या झोपडीतल्या धुळ्याकडच्या बाईनं विचारलं, "तुम्ही एकमेकांवर रुसलात का?"

बानं पवित्र शास्त्र बरोबर आणलं होतं. त्याला वाचता येत नव्हतं. काम सुटलं की उजेड असेपर्यंत मी बाहेर विटांवर बसून ते उघडायचे. भक्ती म्हणून नाही. मला एक शब्द शोधायचा होता. अखोरचं पुढे काय झालं, हे मला कळायला हवं होतं. एवढं जाड पुस्तक, कुठेतरी लिहिलं असेल. यहोशवात लिहिलंय की ती रास आजपर्यंत आहे. 'आजपर्यंत' म्हणजे कधीपर्यंत? मी अर्थ लावत वाचत नव्हते, तेवढी माझी शाळा नव्हती. नुसतं ओळीवरून बोट फिरवायचं आणि तीन अक्षरं दिसतात का बघायचं. राजे गेले, लढाया गेल्या, स्तोत्रं गेली. महिना गेला, दुसरा गेला. बोटाला राख असायची, म्हणून त्या प्रतीच्या पानापानावर माझी रेघ आहे.

यशयाच्या पुस्तकात, जवळजवळ शेवटाला, ते सापडलं. मी तीनदा वाचलं. मग न राहवून आईला सांगायला गेले. ती तवा घासत बसली होती. मी हाक न मारता म्हटलं, "अखोर पुन्हा आलंय. इथं लिहिलंय, तिथं गुरं बसतील."

"कुठं?"

"अखोराच्या खोऱ्यात. गुरांना बसायला जागा होईल."

ती तवा घासायची थांबली. "म्हणजे दगड काढले असतील," ती म्हणाली. "दगडांत गुरं बसत नाय."

हे मला सुचलं नव्हतं. मी पुन्हा शोधायला बसले. आठ-दहा दिवसांनी, होशेय नावाच्या एका लहान पुस्तकात, ते आणखी एकदा सापडलं. देव म्हणतो की अखोरचं खोरं मी आशेचं दार करीन. मी तिथेच बसून राहिले. हे पुस्तक मास्तरांनी पुरं वाचलेलं होतं. पाळकसाहेबांनी वाचलेलं होतं. नावाचा अर्थ सांगायला मास्तरांना आला. तेच नाव पुढे देवानं स्वतः बदललंय हे दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं, किंवा माहीत होतं आणि सांगायची गरज वाटली नाही. यातलं कोणतं जास्त वाईट ते मी अजून ठरवू शकलेले नाही. चौथी झालेल्या पोरीला राखेच्या बोटानं जे सापडतं ते त्यांना का सापडू नये?

मी पुस्तक घेऊन झोपडीत गेले आणि तिला वाचून दाखवलं. अडखळत, पण पूर्ण. बा दारात विडी ओढत ऐकत होता. तो म्हणाला, "बघ. मी सांगत व्हतो, देव तसा नाय." तो कधी काही सांगत नव्हता.

आईनं ऐकून घेतलं. टाकाशी बोटानं चाळा करत बसली. मग म्हणाली, "दार केलं, चांगलं केलं. त्या माणसाच्या पोरी व्हत्या ना?"

"व्हत्या."

"त्या पुन्हा उठल्या का?"

"नाय. त्यांचं पुढं काय लिहिलं नाय."

"मग दार कोणाला उघडलं?"

मी पानाकडे बघितलं. मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं. म्हटलं, "मला ठाऊक नाय, आई."

चार महिन्यांनी मी तिला हाक मारली होती. बानं विडी तोंडातून काढली. तिनं मात्र मान वर केली नाही. म्हणाली, "मग इचार कोणाला तरी. शिकलीस ना तू."

मी विचारत आले आहे. लग्न होऊन नाशिकला आल्यावर, गंगापूर रोडच्या मोठ्या बंगल्यांत भांडी घासायचे तेव्हा एका निवृत्त पाळकांकडे कामाला होते. फार वाचलेला माणूस, भिंतभर पुस्तकं, इब्रीसुद्धा येत होती. त्यांना मी विचारलं. त्यांनी चष्मा काढला, मला खुर्चीवर बसायला सांगितलं, आणि अर्धा तास नीट समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "बाई, या दाराचा अर्थ आध्यात्मिक आहे."

मी म्हटलं, "साहेब, पोरी खऱ्या होत्या."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मी उठून भांड्यांकडे गेले.